शाळेची सुट्टी आणि समुद्राची सुट्टी

तुमसरहून कोकणात जायचं ठरलं तेव्हा कोकण म्हणजे एकच एक किनारा, कुठेही उतरलं तरी चालेल, अशी माझी समजूत होती. खरं तर महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि दर वीस-तीस किलोमीटरवर समुद्राचा स्वभाव बदलतो. हे कळायला मला एक अख्खी सुट्टी घालवावी लागली.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण निघालो. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दहा दिवस उशिरा उघडतात, त्यामुळे जून आपल्याला सुट्टीचाच महिना वाटतो. तुमसर रोडहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, मग कोकण रेल्वेने रत्नागिरी आणि तिथून गणपतीपुळे. आईला दर्शन, मुलांना समुद्र, आणि मधल्या एका दिवशी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला, असा बेत. चार रात्रींचे पैसे आगाऊ भरलेले.

आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. माझी दोन्ही मुलं तलावात पोहायला शिकलेली, त्यामुळे पाण्याची भीती ना त्यांना होती, ना मला. गणपतीपुळ्याचा किनारा मात्र उतरता आहे. चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीशी येतं. धाकट्याचा हात धरून मी उभा होतो. लाट आली तशी परत फिरली आणि टाचेखालची वाळूच सरकली. त्याचे पाय उचलले गेले, मनगट माझ्या मुठीतून बोटांपर्यंत निसटलं. मागून शहाळीवाला ओरडला, "दादा, पोराला वर घ्या आधी!" दुसरी लाट यायच्या आत कसाबसा त्याला ओढून काढला. पोहू नका, असा फलक तिथे होता. येताना मी तो वाचला होता आणि पुढे गेलो होतो, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

दोन दिवसांनी पाच तास गाडीत बसून मालवण गाठलं. जेट्टीवरून किल्ला समोर दिसत होता. शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला, पाण्यातला तो तट. होड्या मात्र ओढून ठेवलेल्या. 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. जवळच्या तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंगही बंद. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, म्हणून ताटातला मासाही साठवणीतला. जेट्टीवर आई म्हणाली, "लांबूनच नमस्कार करते." माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

म्हणून सांगतो, आधी महिना ठरवा, मग गाव. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तरी चालेल. देवदर्शन मुख्य असेल तर गणपतीपुळे उत्तमच, पण तिथे समुद्र काठावरूनच बघा. लहान मुलांना वाळूत मनसोक्त खेळायचं असेल तर दापोलीजवळचं कर्दे किंवा गुहागरची लांबलचक पुळण बघा. दापोलीसाठी खेडला उतरायचं, गुहागरसाठी चिपळूणला. किल्ला आणि समुद्राखालचं जग बघायचं असेल तर थेट कुडाळला उतरा आणि मुक्कामच मालवणात करा. दोन टोकं एका सहलीत जोडू नका. नकाशावर बोटभर दिसणारा रस्ता घाटावळणांनी दिवस खातो. खोली घेताना फोटोवर जाऊ नका. फोन करून विचारा, भरतीला वाळू उरते का, किनारा उतरता आहे का, गावातली मुलं कुठे डुंबतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं.

भरतीचा हिशेब मला मालवणच्याच एका होडीवाल्याने शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी उतरत असताना आत जायचं नाही, ते ओढून नेतं. चढत्या पाण्यात जायचं, तेही गुडघ्यापर्यंतच.

यंदा भाऊबीज झाली की कर्द्याला जातोय. धाकट्याने कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलंय. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन. "म्हणजे बाबा, सकाळी नऊनंतर."