कान धुताना आलेली चक्कर

चक्कर आली की आपल्याकडे पहिला संशय पित्तावर जातो, दुसरा अशक्तपणावर आणि तिसरा रक्तदाबावर. कानाचे नाव सहसा कोणी घेत नाही. अशक्तपणाने किंवा रक्तदाब उतरल्याने डोळ्यांपुढे अंधारी येते हे खरे. पण घर, खाट, छत सारे गरगर फिरू लागले, तर त्याचे मूळ पुष्कळदा कानात असते. पॅरिसचे डॉ. मेनिएर यांनी १८६१ सालीच हे सांगितले होते. मात्र ते रुग्णाला तपासून ओळखायचे कसे, हे दाखवून दिले व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी.

बारानी यांचा जन्म १८७६ चा. लहानपणी हाडांच्या क्षयाने त्यांचा गुडघा कायमचा आखडला. १९०० साली ते डॉक्टर झाले आणि पुढे प्रा. पोलित्झर यांच्या प्रसिद्ध कर्णरोग विभागात काम करू लागले. तिथे रुग्णांचे कान पिचकारीने धुण्याचे काम रोजचेच. कान धुताना अनेकांना चक्कर येई आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत थरथरत. बारानी याची नोंद ठेवीत; पण कारण उमगत नव्हते.

एके दिवशी एका रुग्णाने तक्रार केली, की पाणी पुरेसे कोमट नसले तरच आपल्याला चक्कर येते. घरी कोमट पाण्याने कान धुतला तर काही होत नाही. पुढच्या वेळी त्याच्यासाठी पाणी चांगले तापवले, तर ते फारच गरम झाले आणि त्याला पुन्हा चक्कर आली. बारानींनी त्याचे डोळे पाहिले. थंड पाण्याच्या वेळी डोळे ज्या दिशेला झटके देत होते, त्याच्या अगदी उलट दिशेला आता देत होते. म्हणजे पाण्याच्या दाबाचा यात संबंध नव्हता. सारा खेळ तापमानाचा होता.

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोके हलले की हा द्रव हलतो आणि तोल सांभाळण्याची खबर मेंदूला मिळते. चुलीवरच्या भांड्यातले तापलेले पाणी वर येते आणि गार पाणी खाली जाते, तसाच हा द्रव गरम वा थंड पाण्याने हलतो, डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरल्याची खबर जाते, असे बारानींनी मांडले. १९८३ साली अंतराळयानात, वजनरहित अवस्थेत हाच प्रयोग केला तेव्हाही डोळे थरथरले. त्यामुळे या स्पष्टीकरणात थोडी भर घालावी लागली. तपासणी मात्र टिकली. आजही ३० व ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त, दोन्ही कान वेगवेगळे तपासतात. ज्या बाजूला प्रतिसाद कमी, तिथला तोलाचा अवयव अधू.

पहिल्या महायुद्धात बारानी प्रझेमिसल किल्ल्यावर शस्त्रक्रिया करीत होते. १९१५ साली किल्ला पडला आणि ते रशियाच्या कैदेत गेले. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते कैदेत असतानाच. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे प्रयत्न केले आणि १९१६ साली त्यांची सुटका झाली. व्हिएन्नात मात्र सहकाऱ्यांनी, तुम्ही इतरांच्या संशोधनाचे श्रेय पुरेसे दिले नाही, असा ठपका ठेवला. कष्टी होऊन ते स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले. तिथेच १९३६ साली त्यांचे निधन झाले.

१९२१ साली त्यांनी आणखी एका चक्करीचे वर्णन केले. कूस बदलली, वर पाहिले की काही सेकंद सारे गरगरते, मग थांबते. आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म खडे जागा सोडून नळीत शिरल्याने असे होते, हे पुढे कळले. अमेरिकेचे डॉ. जॉन एपली यांनी १९९२ साली यावरचा उपाय प्रसिद्ध केला. त्यात डोके ठराविक क्रमाने वळवून खडे मूळ जागी परत आणतात. बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो, गोळ्यांची गरज क्वचितच भासते. मात्र पहिल्यांदा हे डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कानात गरम तेल किंवा गार पाणी घालू नये. पडदा फाटलेला असेल तर कान धुऊ नये. चक्करीसोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसू लागले किंवा चालताच येईना, तर घरी न थांबता लगेच मोठे रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

एरवी डॉक्टरांकडे जाताना नुसते 'चक्कर येते' असे सांगू नये. कोणत्या हालचालीने येते, किती वेळ टिकते, ऐकू कमी येते का, कानात आवाज होतो का, हे नीट सांगावे. बारानींना वाट सापडली ती रुग्णाच्या अशाच एका साध्या तक्रारीतून.