संगणकावरील कागदांना पान नंबर

पूर्वी आमच्या दुकानात रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजमेळात प्रत्येक नोंदीपुढे ‘खा. पा.’ असा एक बारीक रकाना असे. ती नोंद खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, तो आकडा त्यात लिहायचा. रकाना रिकामा दिसला की मुनीमजी ओळखत, नोंद अजून उतरलेली नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. जुन्या हस्तलिखित किताबांत पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असे, म्हणजे पाने सुटी झाली तरी क्रम सापडावा. संगणक आला आणि नेमकी हीच काळजी आपण सोडून दिली.

त्याची किंमत आम्ही २०१९ साली मोजली. एका संस्थेला गणवेशाच्या कापडाचे दरपत्रक द्यायचे होते. मुलाने ते संगणकावर तयार केले, छापले आणि माणसाच्या हाती पाठवले. तीन पाने होती. पहिल्यावर दर, दुसऱ्यावर अटी, तिसऱ्यावर सही-शिक्का आणि त्यांची पोच. ‘जीएसटी वेगळा’ ही ओळ दुसऱ्या पानावर होती. माल गेला, २,४०,००० रुपयांचे बिल आणि वर ५ टक्के कर लावला, तेव्हा कचेरीतून उत्तर आले की कराची अट आमच्या फायलीत नाहीच. खरेच नव्हती, त्यांच्याकडे दोनच पाने होती. मधले पान कोठे पडले कोण जाणे. आमच्या कागदावर ‘पान १ पैकी ३’ असे कोठेही नव्हते, मग वाद कशाच्या जोरावर घालणार? ठरलेल्या रकमेतूनच कर भरला आणि सुमारे साडेअकरा हजार रुपये पदरचे गेले.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी एवढे तरी शिकून घ्यावे. वर्डमध्ये कागद उघडला की वरच्या पट्टीत ‘इन्सर्ट’ आहे. त्यात ‘पेज नंबर’ आणि मग ‘बॉटम ऑफ पेज’ निवडा. समोर नमुन्यांची यादी येते. नुसता आकडा देणारे नमुने सोडून खाली सरका आणि ‘पेज एक्स ऑफ वाय’ हा नमुना घ्या. नुसता ‘२’ लिहिलेला कागद तिसरे पान होते की नाही हे सांगत नाही. ‘३ पैकी २’ हा आकडा सांगतो. आमचा सारा वाद तेवढ्याने मिटला असता.

पुष्कळ जण पानाच्या तळाशी, म्हणजे फूटरमध्ये, हाताने ‘१’ टाइप करतात. मग प्रत्येक पानावर १ च छापून येतो. संगणकाने आकडा स्वतः मोजावा असे वाटत असेल तर तो वरील रीतीनेच घालावा. मध्ये एखादे पान वाढले की पुढचे आकडे आपोआप बदलतात. कागदाच्या मध्यावर आकडे पुन्हा १ पासून सुरू झाले तर समजावे की तेथे नवा ‘सेक्शन’ पडला आहे. ‘पेज नंबर’खालीच ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ आहे, त्यात ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’वर खूण करावी.

थानांची यादी बहुतेक जण एक्सेलमध्ये ठेवतात. तेथे ‘पेज लेआउट’मधून ‘पेज सेटअप’ची चौकट उघडा, ‘हेडर/फूटर’मध्ये जा आणि फूटरच्या यादीतून ‘पेज १ ऑफ ?’ निवडा. आकडा नेहमीच्या पडद्यावर दिसत नाही, छपाईच्या नमुन्यात दिसतो, म्हणून घाबरू नये. त्याच चौकटीत ‘शीट’खाली ‘रोज टू रिपीट अॅट टॉप’ आहे. तेथे मथळ्याची ओळ दाखवली की रंग, मीटर, भाव हे शब्द प्रत्येक पानावर येतात. तसे नसेल तर चौथे पान हाती घेऊन मीटर कोणते आणि भाव कोणता, हे नवा नोकर कसे सांगणार?

खरी कसोटी थकबाकीच्या तक्रारीत किंवा कर खात्याच्या नोटिशीला उत्तर देताना लागते. बिले, चलने, बँकेचा उतारा असे सारे स्कॅन करून एक पीडीएफ करावी लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व कागद एकत्र जोडावेत, मग नंबर घालावेत आणि शेवटी अनुक्रमणिका भरावी. आधी नंबर घालून मग दोन बिले मध्ये कोंबली की अनुक्रमणिका खोटी पडते. वरचे पत्रही मोजणीत धरावे. नाहीतर कागदावर ५ आणि पडद्यावरील चौकटीत ७ असा घोळ होतो आणि पाहणारा अधिकारी भलतेच पान उघडतो.

अशा पीडीएफवर नंबर घालण्याची सोय अॅक्रोबॅटच्या पैसे देऊन घ्यावयाच्या आवृत्तीत ‘हेडर अँड फूटर’ या नावाने आहे. शेजारीच ‘बेट्स नंबरिंग’ दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एडविन बेट्स यांनी आकडे उमटवणारे यंत्र काढले, त्यावरून हे नाव आले. आपल्या बिलबुकांवर छापखान्यात नंबर मारतात ते यंत्र याच जातीचे. पैसे खर्च करायचे नसतील तर स्कॅनची चित्रे वर्डमध्ये पानागणिक एक अशी बसवून, नंबर देऊन, पीडीएफ म्हणून साठवावे. वेळ लागतो, पण काम होते. फुकट नंबर घालून देणारी संकेतस्थळेही आहेत. तेथे दरपत्रक टाकायला हरकत नाही, बँकेचा उतारा आम्ही टाकत नाही.

कागदावर डिजिटल सही करायची असेल तर नंबर सहीच्या आधी घालावेत. सहीनंतर एक आकडा जरी वाढवला तरी मजकुरात बदल झाला असे धरून ती सही अवैध दिसू लागते. जे दाखले मुळातच डिजिटल सहीचे मिळाले आहेत, त्यांना हात लावू नये. ते वेगळे जोडून अनुक्रमणिकेत त्यांचा उल्लेख करावा.