मंडळीचे सेवक कोठून येतात?

पाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १३, आरंभींचीं तीन वचनें.

खेड्यांतील एखाद्या मंडळींत नवा उपदेशक आला म्हणजे लोक त्याला पाणी देतात, बसावयास घोंगडी टाकतात आणि तो पाय धुवीत आहे तोंच आपसांत विचारतात, "हा कोणांपैकीं?" त्याचें शिक्षण किती, त्याचा विश्वास कसा, हें मागाहून. शेंकडों वर्षें आपल्या देशांत मनुष्याची ओळख याच प्रश्नानें होत आली आहे, तेव्हां विचारणारांस एकदम दोष देणें बरें नव्हे. वरील पाठांतही अंत्युखियांतील सेवकांची ओळख ते कोठचे व कोणांपैकीं, अशीच करून दिली आहे.

तेथें पांच नांवें आहेत. बर्णबा हा कुप्र बेटांत जन्मलेला लेवी. शिमोन याला लोक निग्र, म्हणजे काळा, म्हणत. लूक्य हा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेनेचा. मनाएन हा मांडलिक हेरोदाबरोबर लहानाचा मोठा झालेला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा ज्यानें शिरच्छेद करविला तोच हा हेरोद. आणि शेवटचा शौल, तार्सकर परूशी, ज्यानें विश्वासणारांस घरांतून ओढून तुरुंगांत घातलें होतें. आपल्या एखाद्या पंचांच्या सभेपुढें हीं पांच नांवें आलीं असतीं तर किती जणांस मान्यता मिळाली असती, याचा विचार करावा. लूकानें त्यांच्यापैकीं कोणाचें मूळ झांकलें नाहीं. सर्वांनीं मिळून उपास केला, प्रार्थना केली आणि दोघांवर हात ठेवून त्यांस पाठविलें, एवढेंच तो सांगतो.

आम्हां भिवंडीकरांस हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. येथें यंत्रमागांच्या एका गल्लींत करीमनगराकडचा तेलगू पद्मशाली, आझमगडाकडचा मोमीन, भोंवतालच्या खेड्यांतील आगरी आणि घाटावरून आलेला मजूर असे सर्व भेटतात. अशा ठिकाणीं उपासना भरवावयाची तर भाषा कोणती, भजन कोणाचें, आणि प्रभुभोजनाची भाकर कोणाच्या हातची, हे प्रश्न उभे राहतातच. हिंदुस्थानांतील पहिल्या लूथरन मिशनच्या मंडळीपुढें हे प्रश्न तीनशें वर्षांपूर्वीं आले होते. ती मंडळी मराठी राजाच्या मुलखाला लागून होती, म्हणून तिच्या सेवकांची हकीकत आपण मुद्दाम जाणावी.

चोळमंडलाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी म्हणून गांव आहे. युरोपियन लोक त्याला ट्रँकेबार म्हणत. १६२० मध्यें तंजावरच्या नायक राजानें तें डेन्मार्कच्या लोकांस दिलें. पुढें शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं तंजावर घेतलें, आणि १७०६ च्या जुलैच्या ९ तारखेस बार्थोलोमेव त्सीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्यूट्शाउ हे दोन जर्मन तरुण तरंगंबाडीस उतरले तेव्हां व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे तंजावरच्या गादीवर होते. त्सीगेनबाल्गास त्या वेळीं चोविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. तो शाळेंतील पोरांबरोबर बसून वाळूंत तमिळ अक्षरें गिरवूं लागला. प्ल्यूट्शाउनें पोर्तुगीज बोलणाऱ्या लोकांचें काम घेतलें. पहिला बाप्तिस्मा १७०७ च्या मे महिन्यांत झाला. तो घेणारे पांच जण युरोपियनांच्या घरचे गुलाम होते.

त्यांस त्रास प्रथम स्वधर्मीयांकडून झाला. तरंगंबाडीचा डॅनिश अधिकारीही लूथरनच होता, तरी त्यानें त्सीगेनबाल्गास १७०८ च्या अखेरीस सुमारें चार महिने कैदेंत ठेविलें. सुटल्यावर हा मनुष्य पुन्हां आपल्या कामास लागला. त्याचा तमिळ नवा करार १७१५ मध्यें छापून पुरा झाला, नवें प्रार्थनामंदिर १७१८ मध्यें उभें राहिलें, आणि १७१९ च्या फेब्रुवारींत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला.

त्यानें बाप्तिस्मा दिलेल्यांपैकीं एक आरुमुगम् नांवाचा कडलूरचा तरुण होता. त्याचा बाप शैव वेल्लाळ जातीचा व्यापारी. १७१८ मध्यें त्याचें नांव अहरोन ठेवण्यांत आलें. तो उपदेशक झाला, आणि १७३३ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. हा हिंदुस्थानांतील पहिला देशी प्रॉटेस्टंट पाळक होय. १७४५ मध्यें मरेपर्यंत तो गांवोगांव पायीं हिंडला. याचें नांव आपल्या मुलांस पाठ असावें.

दुसरा मनुष्य राजनायकन्. याचें नांव मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें, आणि मला या पाठांत याच्याविषयींच विशेष सांगावयाचें आहे. त्याचें घराणें रोमन कॅथॉलिक होतें व जात परैयर, म्हणजे तमिळ देशांत गांवाबाहेर राहावयास लावलेली जात. तो तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेंत चाकरीस होता. तमिळ शुभवर्तमान त्याच्या हातीं पडलें. तें त्यानें वाचलें, तो तरंगंबाडीस आला आणि अखेर फौजेची चाकरी सोडून उपदेशक झाला. तंजावरच्या राज्यांत गोऱ्या मिशनऱ्यांस मोकळेपणें जातां येत नसे, तेव्हां तेथील काम त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं चालविलें. त्याच्यामागें पुष्कळ लोक मंडळींत आले.

असें असतां दुसऱ्या देशी पाळकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हां राजनायकन् मागें राहिला. १७४१ मध्यें दीक्षा मिळाली ती दियोगो यास. राजनायकन् याच्या विश्वासांत किंवा श्रमांत उणें होतें म्हणून असें झालें नाहीं. वेल्लाळ ख्रिस्ती लोक परैयराच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहींत, ही अडचण होती. प्रार्थनामंदिरांतही हे दोन वर्ग वेगळे बसत, आणि मिशनऱ्यांनीं तें चालूं दिलें होतें. लोक दुरावतील, जमलेली मंडळी मोडेल, अशी त्यांस भीति होती. मिशनऱ्यांचें प्रेम व त्याग मोठा, हें मी जाणतों. तरी या ठिकाणीं ते चुकले असें मला स्पष्ट वाटतें. ज्या मेजावर यजमान प्रभु स्वतः आहे, तेथें वाढणाराची जात विचारली गेली. राजनायकन् यानें काम सोडलें नाहीं. १७७१ पर्यंत, म्हणजे त्या निवडीनंतर तीस वर्षें, तो उपदेशकच राहिला आणि उपदेशक म्हणूनच वारला.

याच्या शेवटच्या काळांत तिकडे काम करणारा ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्त्झ हा आणखी एका वाटेनें आला. लहानपणींच त्याची आई वारली. मरतांना तिनें त्याला देवाच्या सेवेसाठीं वाहिलें होतें. जर्मनींतील हाले गांवीं तमिळ पवित्र शास्त्राच्या छपाईस मदत व्हावी म्हणून तो तमिळ शिकला, आणि त्या भाषेनेंच त्याला १७५० मध्यें तरंगंबाडीस आणिलें. पुढें तंजावरास राहूं लागल्यावर दरबाराशीं बोलतां यावें म्हणून तो मराठीही शिकला. आपली भाषा अशी एका जर्मन पाळकाच्या तोंडीं बसली, हें वाचून आनंद होतो. तुळजाजी राजे १७८७ मध्यें वारले. त्यांनीं आपला दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी याची काळजी श्वार्त्झवर सोंपविली. श्वार्त्झ १७९८ मध्यें वारला. त्याच वर्षीं गादीवर बसलेल्या सरफोजी राजांनीं फ्लॅक्समन नांवाच्या इंग्रज शिल्पकाराकडून त्याच्या मरणसमयाचें संगमरवरी चित्र कोरवून तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरांत बसविलें. राजांनीं बाप्तिस्मा मात्र घेतला नाहीं. उपदेशकबंधूंनीं ही गोष्ट सांगतांना तेवढें लपवूं नये. खऱ्या प्रीतीस भरतीची जरूर नसते.

याच श्वार्त्झच्या कामांतून एक मराठी बाई पुढें आली. क्लॅरिंडा ही तंजावरकडील मराठी ब्राह्मण विधवा. तिला सती जातांना एका इंग्रज अधिकाऱ्यानें वांचविलें अशी परंपरा आहे. ती त्याच्याजवळ राहत होती, परंतु त्यांचें लग्न झालेलें नसल्यामुळें श्वार्त्झनें तिला प्रथम बाप्तिस्मा नाकारला. तो अधिकारी मरण पावल्यावर, १७७८ मध्यें, पाळयंकोट्टै येथें तो दिला. जातीनें तिला टाकलें होतें, आणि गोऱ्यांच्या समाजांतही तिला ठाव नव्हता. तिच्या खटपटीनें त्या गांवीं मंदिर उभें राहून १७८५ मध्यें त्याचें समर्पण झालें. मंडळीस कोणी शिकवणारा हवा म्हणून तिनें मागणी लावून धरली, तेव्हां श्वार्त्झनें सत्यनाथन् नांवाच्या उपदेशकास तिकडे पाठविलें. त्याला १७९० मध्यें पाळकपदाची दीक्षा मिळाली.

पाळयंकोट्टैच्या मंडळीची १७८० सालची यादी प्रसिद्ध आहे. तींत चाळीस नांवें आहेत, निरनिराळ्या जातींच्या माणसांचीं, आणि पहिलें नांव क्लॅरिंडेचें.

ज्या बंधूंस हा पाठ रविवारच्या वर्गांत घ्यावयाचा असेल त्यांनीं त्याला जोडून सहाव्या अध्यायाचा आरंभ वाचावा. तेथें रोजच्या वांटणींत कोणाच्या विधवांची उपेक्षा होत होती, आणि मंडळीनें वाढण्याच्या कामावर कोणत्या सात जणांस नेमिलें, तें पाहावें. त्या सातांपैकीं शेवटचा, निकलाव, हा अंत्युखियाचा व जन्मानें यहूदीही नसलेला मनुष्य होता.