वजनं घासण्याआधी

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये जुन्या वस्तूंचे फोटो काढायला जाणार असाल, तर येण्याची वेळ कळवतानाच मालकाला सांगा की काहीही घासूपुसू नका. दाणाबाजारातल्या एका पेढीच्या माळ्यावर मशीद बंदरहून आलेला पितळी वजनांचा संच होता. शेठजींनी आनंदाने दाखवायचं कबूल केलं. मी पोचलो तेव्हा वजनं लखलखत होती. पाहुणा येणार म्हणून त्यांनी ती चिंच आणि बारीक वाळूने घासून घेतली होती. त्यामागे आदरातिथ्यच होतं, त्यांना दोष देववत नाही. पण वजनांवरच्या ठशांच्या खाचांत वर्षानुवर्षं बसलेला काळपटपणा गेला होता आणि अक्षरं वाचता येत होती ती त्याच्यामुळेच. काही बारीक ठसे तर वाळूने पार झिजले. ते आता कुठल्याही कॅमेऱ्यात येणार नाहीत.

उरलेले ठसे वाचले ते तिरक्या उजेडाने. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा, फ्लॅश वापरू नका, आणि टॉर्च बाजूने इतका खाली धरा की उजेड वजनाला चाटून जाईल. खाचेच्या कडेला सावली पडते आणि अक्षर दिसू लागतं. चकचकीत पितळेत आपलंच प्रतिबिंब येतं, म्हणून समोर काळं कापड धरायला कोणीतरी सोबत हवं. लोखंडी वजन उलटं करून तळाचाही फोटो घ्या. तिथल्या भोकात शिसं भरलेलं असतं आणि तपासणीनंतर निरीक्षक त्या शिशावर शिक्का मारतो. ते वजन कधी तपासलं गेलं याचा पुरावा त्या शिशावरच असतो. हौशी फोटोंत नेमका तोच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवाच. तिच्यामुळे फोटो बिघडतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. वजन किती भरतं हेही नोंदवा, कारण ते नुसत्या नावावरून कळत नाही. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा, बंगालचा, रेल्वेतही चालणारा मण ३७.३ किलोचा. दोन्हींत शेर ४०च. म्हणजे एका हिशेबाने शेर सव्वातीनशे ग्रॅमच्या आत आणि दुसऱ्याने ९३३ ग्रॅम! नुसता ‘शेराचं वजन’ असा मथळा दिला, तर वाचणाऱ्याने काय समजावं? गाळ्यात इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. जुनं वजन त्यावर ठेवून आकड्यासकट एक फोटो घ्या. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-मण अधिकृत व्यवहारातून गेले. ते हाताळलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. वजन कुठून आलं, कशासाठी वापरलं, हे त्यांच्याकडून तिथेच लिहून घ्या.

मसाला मार्केटमध्ये लेन्स बदलू नका. मिरचीची पोती हलली की बारीक धूळ उडते आणि ती सेन्सरवर बसते. पोत्यांच्या वाटेत स्टँड लावू नका. पाठीवर ओझं असलेला माथाडी तुमच्यासाठी थांबू शकत नाही. त्याच्या हातातल्या आकड्याचा फोटो हवा असेल तर आधी मुकादमाला भेटा, मग त्या माणसाला स्वतः विचारा, तेही टोळी चहाला बसल्यावर. आणि गादीजवळची उघडी खतावणी चौकटीत येत नाही ना, हे पाहा. ओळखीच्या एका छायाचित्रकाराच्या फोटोत उधारीवाल्यांची नावं स्पष्ट वाचता येत होती. त्या पेढीने नंतर आम्हा कोणालाच आत घेतलं नाही आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. कांदा-बटाटा मार्केटच्या इमारती धोकादायक ठरवल्याला बरीच वर्षं झाली. पुनर्बांधणी होईल तेव्हा गाळ्यांबरोबर माळेही रिकामे होतील आणि लोखंड-पितळ किलोच्या भावाने भंगारात जाईल. ज्यांच्या पेढीत जुना तराजू, शेराची मापं किंवा पोत्यातून धान्याचा नमुना काढायची परखी पडून असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: भंगारवाल्याला बोलावण्याआधी ती वस्तू आहे तशी खिडकीजवळ ठेवा, शेजारी पट्टी ठेवा आणि मोबाइलने का होईना, चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढून ठेवा.