हिवतापाचे चौदा दिवस

उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे यांच्या मध्ये मळवलीचे रेल्वे स्थानक आहे. भोवती भातखाचरे आहेत. आषाढात लावणी सुरू झाली की घरातील कर्त्या माणसाने अंथरूण धरणे कोणालाच परवडत नाही. अशा दिवसांत कोणास हिवताप झाला तर सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, त्याही विनामूल्य. त्या पुऱ्या घेतल्या जात नाहीत, ही खरी अडचण होय. ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून ती सोडून देणे सोपे आहे. पण त्याने काहीच उलगडत नाही.

आपल्याकडे आढळणाऱ्या हिवतापाचा एक जंतू व्हायव्हॅक्स हा होय. त्यावर क्लोरोक्विन तीन दिवस देतात. त्याने रक्तातील जंतू मरून थंडी-ताप थांबतो. परंतु काही जंतू यकृतात सुप्त राहतात. तेथे ते असताना अंग दुखत नाही, रक्त तपासले तरी ते दिसत नाहीत. आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. (पूर्वी भारतात ते पाचच दिवस देत, तेवढ्याने ताप उलटणे थांबेना, म्हणून मुदत वाढविली गेली.) म्हणजे बरे वाटते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि पुढचे दहा दिवस नसलेल्या तापासाठी गोळी गिळावयाची! हरळी वरवर खुरपली तर मुळीतून पुन्हा फुटते, हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट समजावून देणे अवघड नाही. मात्र बहुधा ती कोणी सांगतच नाही.

यात व्यवस्थेचाही वाटा होता. १९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये तो निर्मूलनाचा झाला. आरोग्यसेवक घरोघर फिरून तापकऱ्याचे रक्त काचपट्टीवर घेई व त्याच वेळी क्लोरोक्विन देई. तपासणीचा निकाल मागाहून येई. समूळ उपचाराच्या गोळ्या दारी पोहोचत तोवर रुग्ण पुष्कळदा शेतावर गेलेला असे. आता झटपट तपासणीने निकाल पाऊण तासाच्या आत हाती येतो. तरीही पुढील चौदा दिवस घरीच काढावयाचे असतात.

इतर कारणे साधी आहेत. उपाशीपोटी प्रायमाक्विन घेतल्यास पोटात कळा येतात, मळमळते. ‘औषध गरम पडले’ असे म्हणून ते बंद होते. कोणी उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी फळीवर जपून ठेवतो. ही काटकसर घातक आहे. गर्भवती स्त्रीस व एक वर्षाच्या आतील बालकास हे औषध देत नाहीत, आणि काही माणसांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते, त्यांना ते बाधते. लघवी काळसर होऊ लागली तर गोळी तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा. तेथे ‘क्रम पुरा करा’ असा आग्रह शिक्षकाने धरू नये.

उपचार पुरा होतो तो बहुधा जेथे घरातील एका माणसावर गोळीचे काम सोपविलेले असते तेथे. हे माणूस शाळेतील मूलही असू शकते. चौथीच्या वर्गात चौदा चौकटींचा तक्ता आखवावा. मोठ्या माणसास रोज १५ मिलिग्रॅम प्रायमाक्विन द्यावयाचे असेल आणि एक गोळी साडेसात मिलिग्रॅमची असेल, तर एकूण गोळ्या किती? अठ्ठावीस हे उत्तर मुलाने घरी जाऊन पाकिटाशी पडताळावे, व जेवणानंतर गोळी घेतलेली पाहूनच चौकटीत खूण करावी. मात्रा ठरविणे हे दवाखान्याचेच काम राहील.

हजेरीपटही येथे उपयोगी पडतो. श्रावणात तापाने गैरहजर असलेला मुलगा माघात पुन्हा तापाने घरी राहिला, तर ही बाब आशा सेविकेच्या कानी घालावी. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उपचार चालू असताना असे कुटुंब निघाले, तर किती दिवस झाले, किती गोळ्या उरल्या आणि भट्टी कोणत्या गावी आहे, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्याजवळ द्यावी व दुसरी प्रत आरोग्य केंद्राकडे पोहोचवावी.