रमजानपूर्वी डॉक्टरांची भेट

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्याच्या वैद्यकज्ञानाविषयी नाहीत. वाचकहो, कुटुंबासाठी डॉक्टर निवडताना हे ध्यानात असू द्या.

मधुमेहाच्या रुग्णाला या निवडीचे मोल रमजानमध्ये कळते. डॉक्टर रोजा ठेवू देणार नाहीत, या भीतीने पुष्कळजण त्यांना विचारतच नाहीत आणि गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात. इन्सुलिन व काही गोळ्यांमुळे उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच भेट घ्या. चालू असलेली सर्व औषधे, हकिमांची पुडीसुद्धा, सोबत न्या. गेल्या रमजानमध्ये घाम सुटून हातपाय थरथरले असतील, तर ते लपवू नका. सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना लिहून द्या व दोन्ही वेळची मात्रा विचारून घ्या. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली वा 300 च्या वर गेल्यास रोजा तत्काळ सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. सूरह अल्-बकराच्या 184 व 185 व्या आयतींनुसार आजाऱ्याने सुटलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत. बरे होण्याची आशाच नसल्यास, फुकहांच्या मते, प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे.