स्कोपिंग रिव्ह्यूला बसण्याआधी

अगं, गाइडनी ‘स्कोपिंग रिव्ह्यू कर’ म्हटलं की लगेच पबमेड उघडून बसू नकोस. तुला काय शोधायचंय ते आधी ठरव. आशाताईंच्या घरभेटींमुळे नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात का, असा प्रश्न असेल तर तो सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. या घरभेटींवर कोणी, कुठे, कसा अभ्यास केला आणि कुठे कोणी फिरकलंच नाही, हे पाहायचं असेल तरच स्कोपिंग.

स्कोपिंगसाठी आर्कसी आणि ओमॅली यांची २००५ ची चौकट वाच. लेव्हॅक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिच्यात घातलेली भरही वाच. प्रश्न बांधायला मात्र जेबीआयचं पीसीसी सोपं: माणसं कोण, मुद्दा कोणता, संदर्भ कुठला. काय घेणार नाही, तेही आत्ताच लिहून ठेव. नंतर प्रत्येक पेपर कामाचाच वाटायला लागतो. प्रोटोकॉल ओएसएफ या खुल्या संकेतस्थळावर टाक; रिव्ह्यूंची नोंदणी करणारं प्रॉस्परो स्कोपिंग घेत नाही.

खरी मेहनत शोधात. नुसतं ‘आशा’ टाकलंस तर अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेचे पेपर येऊन आदळतील, तिचंही लघुरूप तेच. आणि आशा आल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर, म्हणजे २००५ नंतर. त्याआधीचं हवं असेल तर ‘व्हिलेज हेल्थ वर्कर’, ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ हे सगळे शब्द हवेत. एक युक्ती सांगते. जे पेपर सापडायलाच हवेत असे चार-पाच आधी बाजूला काढ. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा, लॅन्सेटमधला १९९९ चा पेपर त्यात हवाच. तो तुझ्या शोधात आला नाही, तर चाळणी फाटकी आहे असं समज. लायब्ररियनला शोध दाखव, आपल्याकडे कोणी विचारत नाही त्यांना. शोधगंगेवरचे प्रबंध आणि सरकारी अहवालही धुंडाळ. प्रत्येक शोधाची तारीख आणि आकडे तिथल्या तिथे टिपून ठेव. किती पेपर सापडले, किती गाळले हे दाखवणाऱ्या प्रिझ्माच्या आकृतीत ते लागतात आणि आठवणीतून काही येत नाहीत.

पेपरांची निवड तू आणि एखादी सहकारी, अशा दोघींनी एकमेकींचं न बघता करा. पहिले थोडे पेपर झाले की ताडून बघा; फारच फरक पडला तर निकष संदिग्ध आहेत. डेटा भरायचा तक्ताही तसाच आधी थोड्या पेपरांवर चालवून बघा. लिहिताना २०१८ ची प्रिझ्मा-एससीआर यादी समोर ठेव. आणि ‘परिणामकारक ठरले’ असं कुठेही लिहू नकोस. अभ्यासांचा दर्जा सहसा इथे तपासत नाहीत, मग ते म्हणायचं कशाच्या जोरावर?

आर्कसी-ओमॅलींच्या चौकटीतली जाणकारांशी चर्चेची सहावी पायरी ऐच्छिक, म्हणून बहुतेक जण गाळतात. तू गाळू नकोस. तक्ता घेऊन एखाद्या पीएचसीत आशांच्या मासिक मीटिंगला जा. त्यांच्या कुठल्या कामावर कोणी लिहिलंच नाही, ते त्या लगेच सांगतील. फक्त तारीख आधी विचारून घे. रिपोर्टच्या गडबडीत गेलीस तर कोणी बोलणार नाही.